धर्म एक, संस्कृती दुसरी, मग राष्ट्र कोणते? (बेने इस्राएल समाजाच्या निमित्ताने)

रेवदंडेकर (प्रश्न)

अलिबागहून थळ मागे टाकून किहीमच्या दिशेने निघाले की नवगाव लागते. तेथील जुन्या दफनभूमीत बेने इस्राएल या ज्यू समाजाचा स्मारकस्तंभ आहे. या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या, आणि वाहून आलेल्या बाकीच्यांना त्यांनी याच ठिकाणी मूठमाती दिली. कथेत इतिहास किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. माझा प्रश्न कथेनंतरच्या काळाचा आहे.

वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी ते घाणे बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली: केहिमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, नवगावकर. बोली मराठी, बायकांचे लुगडे मराठी, ताटात भात, मासळी आणि नारळ. धर्म तेवढा वेगळा राहिला, आणि तोही फार थोड्या सामग्रीवर: शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, पंख आणि खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि 'शमा' ही एक प्रार्थना.

धर्मावरून आपला येथे छळ झाला, असे या समाजातील कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. तरीही १९४८ मध्ये इस्राएल हे राज्य स्थापन झाल्यावर, वीस हजारांच्या आसपास असलेल्या या समाजातील बहुसंख्य माणसे पुढच्या काही दशकांत तिकडे गेली. तेथे काय झाले? पहिल्या चार वर्षांतच त्यांच्यातील काही जण 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरून बसले. पुढे १९६२ मध्ये तेथील प्रमुख रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने या समाजातील माणसांच्या विवाहापूर्वी त्यांच्या आई-आजींच्या कुळाची चौकशी करावी, असे निर्देश काढले. म्हणजे ज्या धर्माच्या नावाने राष्ट्र उभे राहिले, त्याच धर्मातील माणसाला त्या राष्ट्राच्या दारात 'तू नक्की आमचाच ना?' असे विचारले गेले.

म्हणून विचारतो. संस्कृती सामाईक असली तर राष्ट्रीय ओळख तिच्यातून येते, असे आपण सहज म्हणतो, आणि धर्म सामाईक असला तर त्यातून येते, असेही तितक्याच सहज म्हणतो. या समाजाच्या बाबतीत दोन्ही विधाने अर्धीमुर्धीच लागू पडताना दिसतात. मग ही ओळख ठरते तरी कशाने? शक्यतो या उदाहरणाला धरूनच लिहावे, ही विनंती.

रास्ता पेठेतला वाचक

प्रश्न चांगला आहे, पण त्यातील 'सामाईक संस्कृती' या शब्दांपाशीच थोडे थांबावे लागेल.

बेने इस्राएलांच्या सणांची जुनी नावे पाहा. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या दुखवट्याचा जो दिवस, त्याचे नाव बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी उपास सोडताना वालाचे बिरडे खाण्याची रीत होती. एका दुखवट्याच्या नावात कोकणी स्वयंपाकघरातले बिरडे आहे, शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातला रोजा आहे, आणि ज्याच्यासाठी हा सारा उपास, ते मंदिर मात्र अडीच हजार मैलांवरचे आहे. त्यांचे धर्मकार्य पाहणाऱ्यांना काजी म्हणत. प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगवरूनच मस्जिद बंदर हे नाव पडले, असे सांगितले जाते, आणि लोकलमधून रोज मस्जिद स्थानकावर उतरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. लग्नात हळद आणि मेंदी होती, गळ्यात मंगळसूत्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्यांच्यात बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. यापेक्षा अधिक सामाईक संस्कृती ती काय असणार?

आता याची दुसरी बाजू. 'शनवार तेली' या नावात आपुलकी शोधण्याची आपल्याला हौस आहे. वस्तुतः ती एका जातीला दिलेली जागा होती. कोकणातल्या गावगाड्याने या माणसांना तेल्यांच्या शेजारचा एक कप्पा दिला; त्या कप्प्यात त्यांनी काय खावे, कोणाची प्रार्थना करावी, यात गावाने नाक खुपसले नाही, आणि त्या कप्प्याबाहेर यावे, अशी अपेक्षाही ठेवली नाही. आपण ज्याला सहिष्णुता म्हणतो, तिचा बराचसा भाग या व्यवस्थेतून आलेला आहे. समाजाने ती व्यवस्था आतही उचलली: त्यांच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते, आणि गोरे काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार करीत नसत. हा भेद धर्मग्रंथातून आलेला नव्हता, आपल्याकडून घेतलेला होता. तेव्हा संस्कृती सामाईक होती, हे खरे. तिच्यात उतरंडही सामाईक होती.

धर्म सामाईक असल्याने काय होते, हे पाहण्यासाठी इस्राएलला जाण्याचीही गरज नाही. बगदादहून आलेले ज्यू मुंबई-पुण्यात स्थिरावले, तेव्हा त्यांनी बेने इस्राएलांना बरोबरीचे मानण्याचे टाळले. पुण्यात कॅम्पात डेव्हिड ससून या बगदादी ज्यूंनी बांधलेले सिनेगॉग, म्हणजे लाल देऊळ, आहे, आणि तेथून पायी जाण्याच्या अंतरावर रास्ता पेठेत बेने इस्राएलांचे स्वतःचे, आकाराने बरेच लहान सिनेगॉग आहे. मी लहानपणापासून दोन्हींवरून जातो. लाल देवळाचा मनोरा लांबून दिसतो. आमच्या पेठेतले दार मात्र माहीत नसेल, तर शेजारून जाऊनही चुकते. ग्रंथ एक, प्रार्थनेची दिशा एक, देव तर एकच, आणि तरीही दोन घरे.

लोदनिवासी

मी या समाजातलीच आहे. माझा जन्म परळचा. आम्ही इकडे इस्राएलला आलो, तेव्हा मी सहा वर्षांची होते. मराठी लिहिण्याची सवय राहिलेली नाही, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

पहिली गोष्ट, वर 'छळ नसतानाही गेले' असे लिहिले आहे, त्यात एक छुपे नवल आहे, जणू काही जाण्यासाठी छळच व्हायला हवा. माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आमचे बरेच लोक रेल्वेत, टपालात, गोदीत नोकरीला असत. इंग्रज गेल्यावर आपल्या मुलांना त्या नोकऱ्या मिळतील का, ही चिंता होतीच. आधी गेलेल्या भावाची पत्रे येत होती. आणि पेसाह सणाच्या जेवणाच्या शेवटी दरवर्षी 'पुढच्या वर्षी जेरुसलेमला' असे म्हणणारा माणूस, जेव्हा तिकडे जाणारे विमान खरोखरच उभे राहते आणि तिकिटाचे पैसेही दुसरेच कुणी भरणार असते, तेव्हा न जाण्याचे कारण कोठून आणणार? वडिलांना विचारले, तर ते यातले कुठलेच कारण धडपणे सांगत नसत. 'सगळे निघाले, म्हणून निघालो,' एवढेच म्हणत, आणि मला वाटते, ते खरेच बोलत होते.

दुसरी गोष्ट १९६४ ची. त्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले होते. आई लहान भावाला कडेवर घेऊन गेली होती. ती सांगे, की उन्हापेक्षाही तिला एका प्रश्नाचा त्रास झाला. नात्यातल्या एका मुलीचे लग्न ठरले होते, आणि नोंदणीच्या कचेरीतल्या माणसाने तिच्या आजीच्या आईचे नाव आणि तिचा धर्म विचारला होता. आई म्हणायची, 'आमच्या रोह्यात हे कुणी विचारले नसते, कारण तिथे ती बाई सगळ्यांना ठाऊक होती.' ऑगस्टमध्ये येथील संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बी मंडळाला आपल्या निर्देशांतून आमच्या समाजाचे नाव काढावे लागले. मला या प्रसंगाचे आजही आश्चर्य वाटते. शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला, तेव्हा साक्षीदार लागला नाही. आणि ज्या देशात सगळाच बाजार शनिवारी बंद असतो, तेथे आम्हाला ठरावाची गरज पडली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुंबईत आम्हाला 'इस्राएल' म्हणत. चाळीत 'त्या इस्राएलांच्या खोलीत' असाच उल्लेख होई, अलिबागला इस्राएल आळी आहेच. इकडे आलो आणि पहिल्याच आठवड्यात शाळेत मी 'होदी' झाले. हिब्रूत भारतीयाला होदी म्हणतात. भारतात असताना आम्हाला भारतीय म्हणून कुणी हाक मारली नव्हती; तशी हाक मारण्याचे तेथे कुणाला कारणच नव्हते. ती ओळख आम्हाला येथे, परक्या वाळवंटाच्या कडेला मिळाली. दिमोनासारख्या गावात आमची माणसे एवढी, की लोक त्याला छोटा भारतच म्हणतात. आणि मला इस्राएली केले ते सिनेगॉगने नाही. भाषेच्या वर्गाने केले, आणि पुढे सैन्यातल्या दोन वर्षांनी, जेथे मोरोक्को, रुमानिया आणि इराकमधून आलेल्या घरांतल्या मुलींबरोबर एकाच तंबूत झोपावे लागले. त्यांच्यात आणि माझ्यात धर्म सामाईक होता, पण तंबूत आम्ही भांडलो ते तिखटावरून.

घरी नवस फिटला की अजूनही मालिदा होतो. भिजवलेले पोहे, त्यात साखर, खवलेले ओले खोबरे, वेलदोडा, बदाम-पिस्ते. वर फळे मांडायची, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे गाणे म्हणायचे. इतर देशांतून आलेल्या ज्यूंमध्ये पोह्यांचा हा विधी कुणी करीत नाही. माझा जावई, ज्याचे आजोबा पोलंडचे, पहिल्यांदा ते ताट पाहून म्हणाला, 'हे ज्यू आहे की भारतीय?' आईने त्याच्या हातावर मूठभर ठेवले आणि म्हणाली, 'आधी खा.'

वकिली कोट

लोदनिवासी ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर फार लिहिण्यासारखे उरत नाही. तरी कायद्याच्या अंगाने एक मुद्दा जोडतो, कारण मूळ प्रश्नात 'राष्ट्राच्या दारात' असे शब्द आहेत, आणि तेथे दारे दोन होती, हे लक्षात घ्यायला हवे.

इस्राएलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने कोणत्याही ज्यू व्यक्तीला तेथे येऊन वसण्याचा हक्क दिला. त्या दारातून बेने इस्राएल विनासायास आत गेले. मात्र विवाह आणि घटस्फोट हे विषय १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले होते, आणि नागरी विवाहाची सोय तेथे ठेवलेलीच नव्हती. म्हणून एकच माणूस विमानतळावर ज्यू ठरत होता, आणि विवाहनोंदणीच्या टेबलावर त्याचे ज्यू असणे संशयास्पद होत होते. १९६४ चे भांडण या दुसऱ्या दारापाशीचे होते. आपल्याकडे असा प्रसंग आला, तर निदान १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट मोकळी असते. ती वाट प्रत्यक्षात किती जणांना झेपते, हा वेगळा विषय, त्यात आता शिरत नाही.

याच्या नेमका उलटा खटला त्याच सुमारास, १९६२ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ऑस्वाल्ड रुफायझेन हे पोलंडमध्ये ज्यू आईबापांच्या पोटी जन्मले, नाझींच्या काळात त्यांनी जिवावर उदार होऊन अनेक ज्यूंचे प्राण वाचवले, त्याच काळात ते कॅथलिक झाले आणि पुढे ब्रदर डॅनिएल या नावाने साधू बनले. त्यांनी परतीच्या कायद्याखाली अर्ज केला. त्यांचे म्हणणे असे, की माझा धर्म ख्रिस्ती आहे, पण माझे राष्ट्र ज्यू आहे. रब्बींच्या धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला माणूस धर्म बदलला तरी ज्यूच राहतो. म्हणजे धर्मशास्त्र त्यांच्या बाजूचे होते. न्यायालयाने मात्र अर्ज फेटाळला. बहुमताचा आधार साधारण असा होता, की हा कायदा धर्मनिरपेक्ष आहे, आणि सामान्य ज्यू माणूस ख्रिस्ती साधूला बोलीभाषेत ज्यू म्हणणार नाही. पुढे त्यांना वेगळ्या मार्गाने नागरिकत्व मिळाले, आणि १९७० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ज्यू म्हणजे कोण, याची व्याख्याच लिहिली गेली.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. एकीकडे रब्बी संशय घेतात आणि संसद आत घेते. दुसरीकडे धर्मशास्त्र आत घेते आणि न्यायालय बाहेर ठेवते. दोन्हीकडे निर्णय शेवटी 'बाकीचे लोक याला आपला म्हणतात का' या कसोटीवर झाला. रुफायझेन यांना ज्यू ओळखत होते, त्यांच्याविषयी कृतज्ञही होते. पण आपला म्हणायला तयार नव्हते. माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर याच्या आसपास कोठेतरी आहे. भाषा, धर्म, सणवार हे सगळे पुरावे म्हणून दाखल होतात. पण निकाल आधीच आत बसलेली माणसे देतात, आणि एकाच पुराव्यावर दोन वेगळे निकाल देऊ शकतात.

पद्मेपलीकडचा

वकिली कोट यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण 'आत बसलेली माणसे' आकाशातून पडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९४७ मध्ये पूर्व बंगालच्या मुसलमानांनी धर्माच्या आधारावर पाकिस्तान स्वीकारले. १९५२ च्या २१ फेब्रुवारीला ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. १९७१ मध्ये ते राष्ट्र फुटले. यावरून 'धर्मापेक्षा भाषा श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे फार घाई असते. मग तीच भाषा बोलणारा पश्चिम बंगाल त्यांच्यात का सामील झाला नाही, आणि तसे व्हावे, असे दोन्ही बाजूंना का वाटले नाही, याचे उत्तर ही मंडळी देत नाहीत.

आपल्याच भूमीतील दोन विचारवंतांची या प्रश्नावर भिन्न मते आहेत. सावरकरांनी १९२३ मध्ये हिंदुत्वाची व्याख्या करताना पितृभूबरोबर पुण्यभूचीही अट घातली. ती कसोटी लावली, तर बेने इस्राएल बाहेर राहतात, कारण त्यांची पुण्यभू जेरुसलेम. आता त्याच समाजात जन्मलेले बेंजामिन सॅमसन भारतीय नौदलात रिअर ॲडमिरल झाले, डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. कवी निसीम इझिकेल येथेच राहिले. पुण्यभू दूर असल्याने त्यांच्या बांधिलकीत काय उणे पडले, हे ती व्याख्या सांगू शकत नाही. आंबेडकरांनी फाळणीच्या प्रश्नावर लिहिताना रेनाँ या फ्रेंच विचारवंताचा आधार घेतला, आणि वंश, भाषा, प्रदेश यांच्या साम्यापेक्षा सामाईक आठवणींना, आणि तितकेच काही गोष्टी विसरण्याला महत्त्व दिले. मला हा विचार अधिक पटतो. पण लोदनिवासी ताईंच्या अनुभवात तोही अडखळतो: आठवणी रोह्याच्या, आणि ज्या राष्ट्रात राहायचे, तेथे त्या कुणाशीच सामाईक नाहीत.

रास्ता पेठेतला वाचक

कुणाशीच नाहीत, असे नाही. इस्राएलमधील आपल्या मंडळींनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, तेथे महाराष्ट्र दिनही साजरा होतो. आठवणी सामाईक असणारा गट मोठ्या राष्ट्राच्या आत लहान राष्ट्रासारखा राहू शकतो, निदान एक-दोन पिढ्या. इकडे महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, जेव्हा त्या दर्जाचा लाभ घ्यायला फारच थोडी माणसे उरली होती. शनवार तेली म्हणून जो कप्पा होता, त्याला आता सरकारी नाव मिळाले, एवढेच.

रेवदंडेकर

सर्वांचे आभार. मी संस्कृती आणि धर्म यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालून प्रश्न विचारला होता. 'इस्राएल' आणि 'होदी' या दोन हाकांनी तो तराजूच मोडला, हे मान्य करतो. आपल्याला जे नाव मिळते, ते बहुधा आपल्यातल्या वेगळेपणाला मिळते, आणि साम्याला कुणी हाक मारीत नाही, हे मला आधी सुचायला हवे होते.

लोदनिवासी ताई, एकच विचारतो, उत्तर द्यावेसे वाटले तर द्या. घरात बोलताना आपण या दोन देशांना काय म्हणता?

लोदनिवासी

आई शेवटपर्यंत भारताला 'आपल्याकडे' म्हणे आणि इस्राएलला 'इथे'. चाळीस वर्षे इथे राहून, दोन मुलांना इथल्या सैन्यात पाठवूनही तिचे शब्द बदलले नाहीत. मी दोन्ही देशांना त्यांच्या नावांनीच हाक मारते. ते सोपे पडते. माझी मुले हिब्रूत बोलतात, पण भारताचा विषय निघाला, की मधेच मराठीत 'आजीच्या तिकडे' म्हणतात. आजीला पुरले ते लोदलाच. तिकडे रोह्यात तिचे आता कुणीही नाही.